सोसायटीचा जनरेटर आणि रविवारची पाच मिनिटे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की बडोद्यातल्या सोसायट्यांच्या कमिट्यांना गच्चीची गळती, तुंबलेली गटारे आणि पाण्याच्या टाक्या आठवतात. जनरेटरची आठवण मात्र वीज गेल्यावरच होते. विचारले तर "आमच्याकडे दर रविवारी चालवून बघतात" असे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळते, आणि ते खरेही असते. वॉचमन किल्ली फिरवतो, सेट धडधडू लागतो, पाच मिनिटांनी तो बंद होतो आणि आठवड्याचे कर्तव्य पार पडते. या चाचणीतून बॅटरी अजून शाबूत आहे एवढेच कळते. सेटवर लोड, म्हणजे इमारतीच्या विजेचा भार, घेतला तर तो पेलेल की नाही हे कळत नाही, आणि इंजिनाची थोडी थोडी खराबी मात्र दर रविवारी होत राहते. मकरपुऱ्यातील एका कारखान्याच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर ओळखीच्या सोसायट्यांचे सेट बघण्याचा योग येत असतो, म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शापर्यंत दाबतो, त्या दाबाने ती इतकी तापते की नॉझलमधून आलेला डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. म्हणजे सगळी मदार उष्णतेवर, आणि इंजिनावर काम पडल्याशिवाय ही उष्णता पुरेशी राहत नाही. रिकाम्या सेटमध्ये डिझेल अर्धवट जळते. न जळलेला भाग काजळीत कालवला जाऊन नॉझलच्या तोंडाशी, व्हॉल्व्हवर, टर्बोत (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्यात) आणि सायलेन्सरमध्ये चिकटतो. काही लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, भिंतीवरून खाली उतरून ऑईल पातळ करतो. पिस्टनच्या रिंगांना लायनरवर घट्ट दाबून धरणारा गॅसचा दाबही अशा वेळी कमी पडतो, लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होत जातो आणि मग सेट ऑईल खाऊ लागतो. क्षमतेच्या साधारण 30 टक्क्यांहून कमी लोडवर सेट फार वेळ चालवू नये असे उत्पादकांच्या पुस्तिकांत लिहिलेले असते, ते याचसाठी.

कारेलीबागेतल्या एका सोसायटीत सायलेन्सरच्या फ्लँजमधून काळे, चिकट ओघळ येऊन कॅनॉपीच्या पत्र्यावर वाळलेले मी पाहिले. बोटावर घेतले तर वास डिझेलचा, चोळले तर काजळी. मेकॅनिकने "ऑईल गळतंय, इंजिन खोलावं लागेल" असे सांगून ओव्हरहॉलचा अंदाज दिलेला होता. वास्तविक अवर मीटरचे (इंजिन किती तास चालले ते दाखवणाऱ्या मीटरचे) आकडे पाहता त्या इंजिनाचे वय झाले असे म्हणण्याची सोय नव्हती. ते नुसते रिकामे चालून चालून घाण झाले होते. भाड्याने लोड बँक (सेटवर मुद्दाम विजेचा भार टाकणारे यंत्र) आणून लोड टप्प्याटप्प्याने वाढवत नेला, तेव्हा आधी बराच वेळ दाट पांढुरका धूर आला, मग तो विरळ झाला आणि ओघळ येणे थांबले. हे काम घाईने करायचे नसते, कारण सायलेन्सरमध्ये साचलेले डिझेल आणि काजळी एकदम तापून पेटू शकते. परंतु जे काम एका दिवसाच्या लोडने होते त्यासाठी इंजिन उघडण्याचा खर्च सोसायटीने का करावा, हा प्रश्न कमिटीतल्या कोणीतरी विचारायला हवा, आणि तो विचारण्यापुरते यंत्र समजून घेतलेला एक तरी सभासद कमिटीत असायला हवा.

सेट रिकामे का राहतात याचेही एक कारण आहे, ते फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी सेट घेताना ट्यूबलाइट, जुन्या पद्धतीच्या लिफ्ट आणि थेट चालू होणाऱ्या पंपांच्या मोटारी धरून हिशेब केलेला होता, आणि वर थोडी जास्तीची क्षमता "असू द्या" म्हणून घेतलेली होती. समजा, सेट 125 केव्हीए क्षमतेचा आहे. 0.8 पॉवर फॅक्टरने त्याचे 100 किलोवॉट होतात आणि 30 टक्के म्हणजे 30 किलोवॉट. आज जिन्यातले दिवे एलईडीचे झाले, लिफ्टला मोटारीचा वेग आवरणारे ड्राइव्ह लागले, आणि कॉमन लोड पुष्कळदा दहा-पंधरा किलोवॉटच्या पुढे जात नाही. त्यातच गच्चीवर सोलर बसते. वीज गेली की सोलरचा इन्व्हर्टर नियमाप्रमाणे आपोआप बंद पडतो, ते योग्यच. पण जनरेटरचा पुरवठा त्याच बसबारवर (पॅनेलमधल्या सामायिक वीजपट्टीवर) आला तर इन्व्हर्टरला पुन्हा वीज आल्यासारखे वाटते आणि तो जनरेटरशी जुळवून घेऊन वीज देऊ लागतो. दुपारच्या उन्हात मग जनरेटरचा उरलासुरला लोडही सोलर उचलते, आणि सोलर लोडपेक्षा जास्त झाले तर वीज उलटी जनरेटरमध्ये घुसू पाहते. सोलर बसवताना त्याची जोडणी चेंजओव्हरच्या (मेनवरून जनरेटरवर पुरवठा बदलणाऱ्या स्विचच्या) आधी आहे की नंतर, आणि नंतर असल्यास जनरेटर चालू असताना सोलरला आवरणारा कंट्रोलर लावला आहे का, हे कंत्राटदाराकडून लेखी घ्यावे. गुजरातेत घरोघरी सोलर बसत असताना या एका प्रश्नाकडे जेवढे दुर्लक्ष होते तेवढे दुसऱ्या कशाकडे होत नसेल.

तेव्हा रविवारची पाच मिनिटे सोडून देऊन महिन्यातून एकदा, सूचना लावून, मेन स्विच पाडावा आणि सोसायटीचा खरा लोड सेटवर घेऊन तो अर्धा तास तरी चालवावा. दोन्ही लिफ्ट, पंप, पार्किंगचे दिवे, असतील तर क्लबहाऊसचे एसी, सगळे लावावे. तरीही 30 टक्के भरत नसतील तर वर्षातून एकदा लोड बँक आणावी. मेन स्विच पाडायचा म्हटले की "लोक ओरडतील" असे चेअरमन म्हणतात. लोक ओरडतातच, मात्र सुट्टीच्या सकाळी अर्धा तास ओरडणे आणि पावसाळ्यातल्या रात्री सातव्या मजल्याजवळ लिफ्टमध्ये अडकून ओरडणे यातले पहिले पुष्कळ बरे.

लोडवर चालवताना काय बघायचे, तेही थोडे सांगतो. अल्टरनेटर (सेटमधला वीज तयार करणारा भाग) बहुधा चार पोलचा असतो, म्हणून 50 हर्ट्झसाठी इंजिनाला मिनिटाला 1500 फेरे घ्यावे लागतात. हा वेग राखण्याचे काम गव्हर्नर करतो आणि व्होल्टेज राखण्याचे काम एव्हीआर करतो. लिफ्ट निघाली किंवा पंप चालू झाला की इंजिनाचा आवाज क्षणभर जड होतो, फ्रिक्वेन्सी किंचित उतरते आणि लगेच सावरते. हे सावरणे किती लवकर होते त्यावरून सेटची तब्येत कळते. आवाज बराच वेळ वरखाली होत राहिला तर गव्हर्नर, डिझेल फिल्टर किंवा लाइनमधली हवा यांपैकी कशात तरी दोष आहे असे समजावे. थेट चालू होणारी मोटार सुरुवातीला आपल्या नेहमीच्या करंटच्या सहापट करंट ओढू शकते, म्हणून दोन पंप एकाच वेळी कधीही लावू नयेत. तिन्ही फेजचे करंट वेगवेगळे वाचावेत. एक फेज भरलेला आणि दोन रिकामे अशी स्थिती इमारतींत नेहमी आढळते, आणि सेट "छोटा पडतो" अशी तक्रार पुष्कळदा तिथूनच सुरू होते.

सुरू करताना सेल्फ (स्टार्टर) दहा सेकंदांहून जास्त मारू नये, आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ द्यावे, नाहीतर सेल्फची मोटार जळते. सुरू झाल्याबरोबर ऑईलचा दाब चढला का ते बघून मगच लोड द्यावा. बंद करताना आधी लोड काढावा, तीन ते पाच मिनिटे सेट मोकळा चालू द्यावा आणि मग बंद करावा. टर्बो प्रचंड वेगाने फिरत असतो. तापलेल्या सेटची किल्ली एकदम बंद केली तर त्याच्या बेअरिंगला ऑईल मिळणे थांबते आणि आत राहिलेले ऑईल तिथेच जळून कोळसा होते. रिकामे चालवणे इथे, एवढ्या मिनिटांपुरते, आवश्यक असते.

ऐन वेळी सेट सुरू न होण्यामागे सर्वांत जास्त वेळा बॅटरी असते. उभ्या बॅटरीचे व्होल्टेज 12.6 दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. सेल्फ मारताना ते किती उतरते ते बघावे, आणि 12 व्होल्टची बॅटरी त्या वेळी साडेनऊच्या खाली गेली तर बदलायची तयारी करावी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवावी, पेट्रोलियम जेली लावावी, आणि चार्जर खरोखर चालू आहे का तेही पाहावे. एका ठिकाणी चार्जरचा प्लग काढून त्या पॉइंटवर वॉचमनचा मोबाइल लागलेला असे. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. बिचाऱ्याला दुसरा पॉइंटच दिलेला नव्हता.

डिझेल वर्षानुवर्षे टिकत नाही. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री निवते आणि हवेतली वाफ आत पाणी होऊन तळाशी बसते. डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांचा चिकट गाळ फिल्टर बुजवतो. त्यामुळे टाकी शक्य तितकी भरलेली ठेवावी, वॉटर सेपरेटरचा तळाचा स्क्रू महिन्याच्या चाचणीआधी सैल करून पाणी काढावे, आणि सहा महिने ते वर्षाच्या आत साठा वापरून नवा भरावा. महिन्याला लोडवर चालवण्याचा हा आणखी एक फायदा. मध्यम ते भरपूर लोडवर सेट लिटरमागे साधारण साडेतीन युनिट वीज देतो. हलक्या लोडवर हेच प्रमाण फार घसरते, म्हणजे "रिकामा चालवला की डिझेल वाचते" हा समज युनिटच्या हिशेबात टिकत नाही.

ऑईल तासांवर आणि महिन्यांवर, जे आधी भरेल त्यावर बदलायचे. सेट वर्षात वीस तासच चालला म्हणून ऑईल तीन वर्षे ठेवू नये, कारण उभ्या इंजिनातही ते खराब होते. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये. त्याचा क्षार आत बसतो आणि सेट तापू लागतो. कूलंटच घालावे, आणि गरम रेडिएटरचे झाकण कोणी सांगितले तरी उघडू नये. धुराकडे बघण्याची सवय ठेवावी. काळा धूर बहुधा जास्त लोडचा किंवा बुजलेल्या एअर फिल्टरचा, निळा ऑईल जळण्याचा, आणि गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर नॉझलचा किंवा सिलिंडरमध्ये उतरणाऱ्या पाण्याचा.

आता पुराविषयी, कारण बडोद्यात हा विषय टाळता येणार नाही. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी समा, फतेगंज, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा अशा भागांत शिरले. अनेक ठिकाणी वीज बंद ठेवावी लागली, आणि नेमक्या त्याच वेळी ज्यांचे सेट बेसमेंटमध्ये किंवा पार्किंगच्या सखल कोपऱ्यात होते त्यांचे सेट पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर "सुरू होतोय का बघू" म्हणून सेल्फ मारणे हा सर्वांत महागात पडणारा प्रकार. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जो सेट साफसफाईने वाचला असता तो भंगारात जातो. पाण्यात गेलेल्या सेटची बॅटरी आधी सोडवावी. मग ऑईलची काडी बघावी; ऑईल दुधाळ दिसले तर पाणी आत गेले आहे असे समजून ऑईल, सर्व फिल्टर आणि टाकीतले डिझेल काढून टाकावे. एअर फिल्टरचा डबा आणि सायलेन्सर तपासावेत, नॉझल काढून इंजिन हाताने फिरवावे आणि सिलिंडरमधले पाणी बाहेर पडू द्यावे. अल्टरनेटर गोड्या पाण्याने धुऊन, हळूहळू गरम हवेने सुकवून, एव्हीआरची जोडणी सोडून मेगरने (इन्शुलेशन तपासण्याच्या मीटरने) इन्शुलेशन मोजावे. किमान 1 मेगओहम आल्याशिवाय त्यावर व्होल्टेज येऊ देऊ नये, आणि जास्त येईपर्यंत सुकवत राहणे चांगले. कंट्रोलर आणि एव्हीआर भिजले असतील तर ते बदलणेच शहाणपणाचे. हे सगळे काम जाणकाराचे आहे, पण सेल्फ न मारणे हे कोणालाही जमण्यासारखे आहे, आणि ते वॉचमनला आजच सांगून ठेवता येईल.

सेट वर उचलून नव्या चौथऱ्यावर बसवण्याचा खर्च मोठा असतो, हे मान्य. केबल, सायलेन्सरचा पाइप, अर्थिंग सगळे बदलते. ज्यांना तो परवडत नाही त्यांनी निदान पॅनेल, बॅटरी आणि चार्जर 2024 च्या पाण्याच्या खुणेच्या वर न्यावेत. ती खूण बहुतेक भिंतींवर अजून दिसते. बेसमेंटमध्ये सेट असण्याला दुसराही आक्षेप आहे: धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही की वासाने ओळखू येत नाही. सायलेन्सरचा पाइप इमारतीच्या वर किती न्यावा याचे सूत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेले आहे: केव्हीएच्या वर्गमुळाला 0.2 ने गुणावे, तेवढे मीटर इमारतीच्या उंचीच्या वर. 125 केव्हीएसाठी ते सुमारे सव्वादोन मीटर होते. कितीतरी इमारतींत हा पाइप पहिल्या मजल्याच्या खिडकीशी संपलेला दिसतो, आणि त्या खिडकीमागचे कुटुंब रविवारच्या चाचणीच्या वेळी मुकाट्याने खिडकी लावून घेते.

चेंजओव्हर हा विषय जिवाशी संबंधित आहे. मेन आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाणार नाहीत अशी यांत्रिक अडवणूक चेंजओव्हरमध्ये असलीच पाहिजे. ती नसताना किंवा कोणी तारेने "बायपास" केलेली असताना सेट चालू केला, तर वीज उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून तिचे व्होल्टेज वाढते, आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या माणसाचा त्यात बळी जाऊ शकतो. सेटच्या न्यूट्रलला आणि बॉडीला प्रत्येकी दोन स्वतंत्र अर्थिंग असावे लागते. गणेशोत्सवात आणि नवरात्रात मंडपाशेजारी भाड्याचे सेट उभे राहतात तिथे अर्थिंगची तार पुष्कळदा नुसती मातीत खोचलेली असते आणि चालू सेटमध्येच बादलीने डिझेल ओतले जाते. मंडळांचे कार्यकर्ते रोषणाईवर जितकी मेहनत घेतात तिचा दहावा हिस्सा इकडे वळवला तरी पुष्कळ.

ज्या सोसायट्या आता नवा सेट घेणार आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. 1 जुलै 2023 पासून 800 किलोवॉटपर्यंतच्या नव्या सेटना धुराचे अधिक कडक निकष लागू झाले आहेत. त्यामुळे बऱ्याच नव्या सेटमध्ये इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली आणि मोठ्या क्षमतेत युरियाचे द्रावण फवारून धूर शुद्ध करणारी व्यवस्था येते. अशा सेटना रिकामे चालणे जुन्या सेटपेक्षाही कमी मानवते, आणि रस्त्यावरचा मेकॅनिक ते हातोडी-पान्याने दुरुस्त करू शकत नाही. म्हणून "मागच्या वेळी 125 चा होता, या वेळीही तेवढाच" असे न करता आजचा लोड मोजून क्षमता ठरवावी. आठवडाभर क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट लिहिला तरी पुरते.

सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये याच शहरात कलाभवन काढले, ते कारागिरांना आणि होतकरू तरुणांना तंत्रज्ञान शिकवण्यासाठी. त्याच शहरात आज सेटची इंग्रजी पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच बंद असते आणि सेट चालवणाऱ्या माणसाला त्यातली एक ओळही वाचता येत नाही. सुरू करण्याचा क्रम, बंद करण्याचा क्रम, कधी हात लावायचा नाही आणि कोणाला फोन करायचा, एवढे गुजरातीत आणि हिंदीत, आणि जिथे वॉचमन मराठी आहे तिथे मराठीत, एका कागदावर लिहून लॅमिनेट करून पॅनेलच्या दारावर लावता येते. शेजारी एक वही ठेवावी. तारीख, अवर मीटर, ऑईलचा दाब, पाण्याचे तापमान, व्होल्टेज, हर्ट्झ, तिन्ही फेजचे करंट, डिझेल किती भरले. एका दिवसाच्या आकड्यांतून फारसे कळत नाही, पण ऑईलचा दाब सहा महिने हळूहळू उतरत आला आहे हे वहीशिवाय कोणाला समजणार?

सोसायट्यांचे एएमसीचे (वार्षिक देखभालीचे) करार बहुधा "वर्षातून चार भेटी" एवढ्याच शब्दांत असतात, आणि भेट म्हणजे एअर फिल्टर झटकून सही घेणे. पुढचा करार करताना त्यात लोडवरची चाचणी, बॅटरीचे सेल्फ मारतानाचे व्होल्टेज, वर्षातून एकदा मेगरचे आकडे आणि बदललेल्या ऑईलच्या रिकाम्या डब्यांसह पावती, या चार गोष्टी लिहून घ्याव्यात आणि पैसे त्या आकड्यांच्या कागदावर द्यावेत. या कामी लागणारा नमुना तक्ता कोणत्याही कमिटीला हवा असल्यास आपल्या दैनिकाकडे पाठवण्याची माझी तयारी आहे. तो पावसाळ्यापूर्वी छापता आला तर आभारी होईन.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स कर्मचारी,
कारेलीबाग, बडोदे